पाटीवरची हळद

स्कूटरचा हॉर्न चारुतानं नेहमीसारखा दोनदा वाजवला, सोसायटीचं फाटक नेहमीसारखं कुरकुरत सरकलं, आणि फाटक सरकवणाऱ्या नव्या वॉचमननं सलामासाठी हात वर केला तेव्हा तिनं आधी तो हात ओळखला, माणूस मागाहून. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. छाटणीच्या कात्रीनं केव्हातरी चिरलं गेलेलं ते नख पुन्हा सरळ उगवलंच नव्हतं. निळा गणवेश खांद्यांवरून ओघळत होता, टोपी कानांवर टेकली होती, आणि टोपीखालून बन्सीमामा तिच्याकडे बघत होते. “ताई? तुम्ही इथं राहता व्हय?” त्यांचा चेहरा खरोखरच उजळला. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसा. “अरे वा, बन्सीमामा! इथं कसे तुम्ही?” चारुता बोलून गेली, आणि बोललेलं तिच्याच कानावर पडलं. अरे वा! जसं काही ते इथं कसे आले हे तिला ठाऊकच नव्हतं. “पोरगा वाळूजला कंपनीत हाय ना, सुदर्शन. त्यानंच लावून दिलं इथं. बसून राहण्यापेक्षा बरं,” ते म्हणाले. मागून एका गाडीनं हॉर्न दिला, आणि गाडीला जागा द्यायच्या निमित्तानं चारुता आत सटकली. स्कूटर लावताना तिच्या हातून किल्ली दोनदा खाली पडली.

माणसाला स्वतःची लाज वाटायला लागली की त्याला नेमकं काहीतरी घरकाम आठवतं. चारुताला कपाट आवरायचं आठवलं. तिची आई, दमयंतीबाई, सोफ्यावर बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, “नवा वॉचमन पाहिलास का? किती अदबीनं बोलतो! पिशोरकडचा आहे म्हणे. तू जायचीस ना तिकडे?” चारुता कपाटात तोंड घालून “हं” म्हणाली. कपाटातल्या साड्यांना डांबरगोळ्यांचा वास येत होता, आणि त्या वासात मध्येच तिला मोसंबीच्या पानाचा वास आला. खरा नव्हे, आठवणीतला. पान चुरगळलं की येतो तो, तोंडाला पाणी आणणारा, जरासा कडवट. गेल्या हिवाळ्यात हा वास तिच्या बोटांना दर मंगळवारी लागलेला असायचा. साबणानं धुऊनही जात नसे, आणि तेव्हा तो जावा असं तिला वाटतही नसे.

गेल्या हिवाळ्यात दर मंगळवारी चारुताच्या संशोधन संस्थेची जीप छावणी ओलांडून, वेरूळचा घाट उतरून, कन्नडवरून पिशोरला जायची. तिथं तात्यासाहेबांची दोनशे चाळीस झाडांची मोसंबीची बाग होती. मालक तात्यासाहेब, पण बाग लावली, वाढवली, राखली ती बन्सीमामांनी. चौदा वर्षं. रोप हातभर होतं तेव्हापासून. मोसंबीचं एक विचित्र असतं. तिला बहर यायचा तर आधी तिला तहानेनं हैराण करावं लागतं. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन थोडी गळू द्यायची, मग नेमक्या दिवशी आंबवणीचं हलकं पाणी द्यायचं, की झाड फुलांनी लगडतं. याला ताण देणं म्हणतात. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर फांद्या सलतात, शेंड्याकडून वाळत येतात, झाडच जातं. सगळी कसोटी त्या नेमक्या दिवसाची. तो दिवस कोणता, हे चारुताचं यंत्र सांगणार होतं.

तिच्या प्रकल्पाची कल्पना तशी साधी होती, आणि साध्या कल्पनेच्या माणूस प्रेमात पडतं तशी ती तिच्या प्रेमात पडली होती. पानाच्या खालच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी हजारो तोंडं असतात. ती उघडली की हवा आत जाते आणि त्याच वाटेनं पाण्याची वाफ बाहेर पडते. पाणी कमी पडलं की झाड तोंडं मिटतं. वाफ वाचते, पण हवाही बंद, म्हणजे अन्न शिजवणंही बंद. ऊन मात्र कोसळतच असतं. त्या नको झालेल्या उन्हाचा निचरा करण्यासाठी पान आतल्या आत काही उलथापालथ करतं, आणि त्यामुळे पानावरून परतणाऱ्या हिरव्या उजेडातली एक बारीक छटा किंचित मंदावते. तिच्या शेजारची छटा मात्र आहे तशी राहते. या दोन छटांतला फरक मोजला की पानाला हातही न लावता कळतं, झाड श्वास घेतंय की दम धरून बसलंय. हवा आणि वाफ प्रत्यक्ष मोजणारं मोठं यंत्र संस्थेकडे होतं, पण तेव्हा ते दुरुस्तीसाठी पुण्याला पडलं होतं. नुसत्या उजेडावरून भागतं हेच तर सिद्ध करायचं होतं, तेव्हा ते नसलेलंच बरं, असं चारुतानं हसत हसत म्हटलंही होतं. हातातलं छोटं यंत्र नळकांड्याएवढं होतं. बन्सीमामा त्याला ‘उलटी बॅटरी’ म्हणायचे. “बॅटरी उजेड टाकती, ही उजेड पिती,” ते म्हणायचे, आणि जीपचा ड्रायव्हरही हसायचा.

या यंत्राबरोबर एक पांढरी पाटी होती, तळहाताएवढी. जगातलं पांढरं म्हणजे काय, हे यंत्र त्या पाटीवरून शिकायचं. दर खेपेला आधी पाटीवर पडलेला उजेड मोजायचा, मग पानावरचा, आणि पानाची तुलना पाटीशी. पाटी चुकली की सगळं चुकलं. म्हणून तिला बोट लावायचं नाही, उघडी ठेवायची नाही, मळलीच तर वाहत्या पाण्याखाली बारीक सँडपेपरनं घासायची, हे चारुता नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी दटावून सांगायची. आणि त्या पाटीला खंडेनवमीला हळद लावली ती चारुतानंच. दुसऱ्या कुणी लावली असती तर तिनं आकाशपाताळ एक केलं असतं. प्रयोगशाळेत दरवर्षी यंत्रांची पूजा व्हायची. झेंडूची फुलं, आपट्याची पानं, पेढे. तिचे वडील केशवराव कलेक्टर कचेरीत कारकून होते. ते त्या दिवशी टाक, शाईची दौत आणि कचेरीचा शिक्का पाटावर मांडून मनोभावे पूजा करायचे, आणि लहानग्या चारुताला म्हणायचे, “ज्याच्यावर पोट भरतं त्याच्यापुढे वाकावं.” हळदीकुंकवाची वाटी त्या दिवशी तिच्या हातात आली तेव्हा तिनं सगळ्या यंत्रांच्या खोक्यांना बोटं टेकवली. पाटीची पेटी उघडी होती. पाटी अशी शुभ्र दिसत होती की तिला भरून आलं. फक्त काळ्या चौकटीला टेकवावं म्हणून तिनं अनामिका पुढे केली. कुणीतरी मागून हाक मारली, ती वळली, आणि बोट घसरलं. एवढंसं बोट. तिनं लगेच ओढणीच्या टोकानं पुसलं. पुसलं म्हणजे चोळलं. हळद चोळल्यानं जाते थोडीच? आत मुरते.

सँडपेपरनं घासायचं काम दहा मिनिटांचं होतं. पण घासल्यावर पाटी तपासून घ्यायची, नोंद करायची, नोंदीत कारण लिहायचं. कारण काय लिहायचं? प्रकल्पप्रमुखानं पाटीला हळद लावली? दसरा झाला, दिवाळी झाली, राहूनच गेलं. डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी बागेत पाटी उघडली तेव्हा कोवळ्या उन्हात तिला तिरकी धरल्यावर कोपऱ्यातला फिक्कट पिवळा डाग तिला दिसला. दिसला, हे तिला नंतर कितीही वेळा नाकारावंसं वाटलं तरी खरं होतं. ओढणीनं तिनं तो पुन्हा एकदा पुसला, ‘एवढ्यानं काय होतंय’ असं मनात म्हणाली, आणि पहिलं पान हातात घेतलं.

आता संध्याकाळचा चहा झाला होता आणि आई एक कप झाकून खाली घेऊन निघाली होती. “थंडीत बसलाय बिचारा.” चारुता म्हणाली, “सगळ्या वॉचमनना तू चहा नेतेस का?” आई जिन्यावरूनच म्हणाली, “चांगल्या माणसाला नेते.” चारुता गॅलरीत गेली, पण कठड्यापर्यंत गेली नाही. तिथून खालचं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसतं आईचं हसणं येत होतं. पुढचे आठ-दहा दिवस तिनं फार शहाणपणानं काढले. सकाळी पावणेआठला बन्सीमामा टाकीची मोटर लावायला मागच्या बाजूला जातात हे तिच्या लक्षात आलं, म्हणून ती पावणेआठलाच निघायची. संध्याकाळी हॉर्न न वाजवता दुसऱ्या कुणाच्या गाडीमागून आत यायची. एकदा तर फोन कानाला लावून, न आलेल्या फोनवर “हो सर, हो सर” म्हणत ती फाटकातून गेली. बन्सीमामांनी सलाम केला आणि फोनवरच्या बाईला त्रास नको म्हणून फाटक आवाज न करता, हळू लावलं. त्या हळू लावण्यानं तिला रडू फुटलं. जिन्यात उभी राहून ती पदराआड रडली, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई उतरताना दिसल्या तेव्हा सर्दीचं सोंग केलं.

जानेवारीच्या दहा तारखेला बन्सीमामांनी पहिल्यांदा म्हटलं होतं, “ताई, आता आंबवणीचं हलकं पाणी द्यावं लागतंय बरं का. झाड मागतंय.” चारुतानं यंत्राचा आकडा बघितला. आकडा म्हणत होता, पानं मजेत आहेत, तोंडं उघडी आहेत, ताण अजून बसलेलाच नाही. “अजून आठ दिवस थांबू, मामा.” त्यांनी एका फांदीला हात घालून पान न तोडता आपल्या गालाला लावलं, जशी बाई तापल्या लेकराच्या कपाळाला गाल लावते. मग म्हणाले, “तुम्ही लावून बघा. दुपारचे दोन वाजले ना? या टायमाला पान थंड लागाया पाहिजे. हे गरम हाय. याचं तोंड बंद झालंय.” चारुतानं पान गालाला लावलं. ते गरम होतं. चुलीजवळून उचललेल्या फडक्यासारखं कोमट नव्हे, गरम. हे शास्त्र तिला पाठ होतं. पान वाफ सोडतं तोवर गार राहतं, तोंडं मिटली की तापतं. विद्यार्थ्यांना ती स्वतः शिकवायची हे. आणि गालाला पान लावून उभी असताना तिच्या मनात काय आलं? हे आलं की आकड्याविरुद्ध पाणी दिलं तर नोंदींची मालिका तुटेल, लेख अर्धा लिहून झालाय, मोठं यंत्र नसतानाही उजेड पुरतो हे याच बागेवर दाखवायचंय. “गरम असलं तरी आकडा चांगला आहे मामा,” ती म्हणाली. “आकडा खोटं बोलत नाही.” त्यांनी पान सोडून दिलं. फांदी किंचित हलली. “तुम्ही म्हनता तसं,” ते म्हणाले. पुढच्या मंगळवारी ते पुन्हा म्हणाले, त्याच्या पुढच्या मंगळवारी नुसते बघत राहिले, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बागेत पाय ठेवला तेव्हा खाली पानांचा खच होता. वर शेंड्यांकडून फांद्या वाळत आल्या होत्या. चालताना पायाखाली पानं वाजत होती, आणि बन्सीमामा तिच्या मागून, त्या पानांवर पाय न देता, ओळीच्या कडेकडेनं चालत होते.

पाणी दिलं, पण वेळ गेली होती. नव्वद-पंच्याण्णव झाडं सलली, उरलेल्यांवर फूल आलं ते नावाला. मार्चमध्ये संस्थेत बैठक ठरली. बैठकीच्या दोन दिवस आधी चारुतानं प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं, डागाळलेल्या पाटीवरून कुंडीतल्या एका मोसंबीच्या रोपाचं माप घेतलं आणि मग पाटी नळाखाली धरून बारीक सँडपेपरनं घासली. पिवळं पाणी वगैरे काही निघालं नाही, तसं निघतही नसतं. मग तिनं त्याच रोपाचं पुन्हा माप घेतलं आणि दोन्ही आकड्यांचा हिशोब लावला. हळद हिरव्यातली नेमकी ती मंदावणारी छटा थोडी गिळत होती. म्हणून पाटी त्या छटेत काळवंडलेली वाटायची, आणि तिच्याशी तुलना केली की पान उजळ दिसायचं. फरक बारीक होता. पण बन्सीमामा आणि आकडा यांच्यात जेवढं अंतर पडलं होतं, बरोबर तेवढाच होता. दहा जानेवारीला पाणी द्यायला हवं होतं. दुरुस्त केलेला आकडा दहा जानेवारीच म्हणत होता, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. चारुता स्टुलावर बसून राहिली. नळ चालू राहिला होता हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

ती सांगणार होती. हे तिनं नंतर स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते खरं होतं की नाही याची तिलाच खात्री राहिली नाही. बैठकीत संचालक होते, तात्यासाहेब होते, आणि बाहेर व्हरांड्यात बाकावर बन्सीमामा बसले होते. संचालकांनी आलेख भिंतीवर दाखवले. तात्यासाहेब शांत माणूस, आवाज चढवणारा नव्हे. ते भिंतीकडे बघत म्हणाले, “मशीन म्हणतंय झाडाला पाणी होतं. झाड म्हणतंय नव्हतं. मग मधल्या काळात कुणी चोरून पाणी फिरवलं, ताण मोडला, आन् पुन्हा कोरडं पडलं, असं झालं असंल का बाई? बन्सी सारखा म्हनतच होता, पाणी द्या, पाणी द्या.” किती सोयीचं होतं ते! सगळं त्यात चपखल बसत होतं. यंत्र निर्दोष, पाटी निर्दोष, लेख निर्दोष. संचालकांनी तिच्याकडे पाहिलं, तात्यासाहेबांनी पाहिलं, आणि चारुता म्हणाली, “शक्य आहे.” दोन शब्द. खोटं तर नव्हे, शक्य तर काहीही असतं, असं तिनं त्या क्षणी मनाशी म्हटलं. तात्यासाहेब उठून व्हरांड्यात गेले. दार उघडंच होतं. “बन्सी, पाणी दिलंस का रे?” “नाय मालक.” “खरं सांग. झाडं गेली त्याचं नाय मला काही. खोटं बोललास तर मात्र…” “इमानानं सांगतो, नाय दिलं.” तात्यासाहेबांनी मान हलवली आणि खाली गेले. बन्सीमामांनी दारातून आत बघितलं. चारुता लॅपटॉप बंद करत होती. फार वेळ लागला तिला तो बंद करायला. बाग एप्रिलमध्ये काढली आणि तिथं आलं लावलं, हे तिला ड्रायव्हरकडून कळलं. बन्सीला काढलं, झाडांपायी नव्हे, खोटं बोलला म्हणून, हेही त्याच्याकडूनच. जीपमध्ये मागच्या सीटवर ती खिडकीबाहेर बघत होती, आणि ड्रायव्हर म्हणाला, “चौदा साल केलं मॅडम त्यानं. पाण्याच्या एका घोटासाठी इज्जत घालवली.”

शनिवारी आई वर आली ती पाय आपटत. “काय माणसं असतात गं एकेक!” ती म्हणाली. “त्या बन्सीला मालकानं चोर ठरवून काढलंय. चोरून पाणी दिलं म्हणे झाडांना. झाडांना पाणी दिलं म्हणून चोर! आणि त्यानं दिलंही नव्हतं. मी विचारलं, मग तुम्ही भांडला का नाहीत? तर म्हणतो, कुणाशी भांडू काकू, यंत्रानंच तसं सांगितलं, माणसाला बोल लावून काय करू.” आईनं शेंगांची परात पुढं ओढली. “कुठल्या संस्थेचं होतं गं ते यंत्र? तुला ठाऊक असेल.” चारुताला वाटलं, आई बघतेय. पण आई शेंगाच बघत होती. केशवरावांनी चाळीस वर्षांच्या नोकरीत एकदा, फक्त एकदा, चुकीच्या कागदावर शिक्का मारला होता. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन त्यांनी तसं लेखी दिलं, आणि त्यांची बढती तीन वर्षं अडली. आई त्या तीन वर्षांबद्दल कधी कुरकुरली नाही. उलट पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. चारुताला ती गोष्ट ऐकून ऐकून कंटाळा आला होता. आता तिला कुणी ती सांगितली असती तर तिनं कान झाकून घेतले असते. “आमच्या संस्थेचं,” ती म्हणाली. “माझं.” आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

रविवारी दुपारी ती खाली उतरली. दोन वाजले असतील. सोसायटी जेवून झोपली होती. बन्सीमामा फाटकाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून डबा धूत होते. तिला बघताच उठले. “बसा ना मामा.” ते बसले नाहीत. मग तीही उभीच राहिली. येताना तिनं मनात मोठं भाषण जुळवलं होतं, त्यातलं पहिलं वाक्यही तिला आठवेना. “तुम्ही पाणी दिलं नव्हतं,” ती म्हणाली. “नव्हतंच दिलं,” ते म्हणाले. “ते मला ठाऊक होतं.” मग तिनं सांगितलं. पाटी, खंडेनवमी, बोट, ओढणी, डिसेंबरातला डाग, सगळं. हळदीचं सांगताना तिला वाटलं ते हसतील, पण ते हसले नाहीत. ऐकताना त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. “तुमचा हात बरोबर होता मामा. दहा जानेवारी. यंत्रसुद्धा दहा जानेवारीच म्हणतंय, नीट केल्यावर.” हे सांगताना तिच्या आवाजात जरा उत्साह आला, जशी काही ती त्यांना बक्षीस देत होती. हलकं वाटू लागलं होतं तिला. एवढंच होतं तर, असंही वाटलं.

“माझा हात बरोबर होता ते मला त्याच दिवशी ठावं व्हतं,” बन्सीमामा म्हणाले. “वॉल्व्हवर हात ठिवून बसलो व्हतो एकदा, दुपारभर. सोडला नाय. तुम्हाला जबान दिली व्हती म्हनून.” त्यांनी डब्याचं झाकण पुसून ठेवलं. “हे कवा कळलं तुम्हाला? पाटीचं?”

चारुताला खोटं बोलता आलं असतं. मागाहून कळलं म्हणाली असती तर त्यांनी विश्वास ठेवला असता, त्यांना ती सवयच होती. “बैठकीच्या दोन दिवस आधी,” ती म्हणाली.

ते खाली बसले. खुर्चीत नव्हे, फाटकाच्या दगडी कट्ट्यावर. “आधी,” ते म्हणाले. रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला, त्याचा आवाज जाईपर्यंत थांबले. “मी व्हरांड्यात व्हतो तवा तुम्हाला ठावं व्हतं.” तिनं मान डोलावली. “घरात लई बोल्ले मला. सुदर्शन म्हनला, त्या बाईनं घात केला तुमचा. घरवाली, वच्छला, तर तुमचं नाव काढू द्यायची नाय. मी म्हनायचो, अरं तिला काय ठावं? ती लेकरावानी सच्ची बाई. मशीननं तिलाबी फशिवलं, मलाबी. आठ महिने मी तुमच्याकडून भांडतोय, ताई. त्या दिवशी तुम्ही दिसल्या तर घरी जाऊन सांगितलं, ताई भेटल्या, वळख दिली म्हनून. वच्छला एक आठवडा बोलली नाय माझ्याशी.” ते तिच्याकडे बघत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. “आता घरी जाऊन काय सांगू मी?”

माफी मागायला ती उतरली होती, आणि माफी हा शब्द आता तोंडात घ्यायचीही तिला लाज वाटली. “मी तात्यासाहेबांना सांगते,” ती म्हणाली. “ते तुम्ही त्याच दिवशी सांगायचं व्हतं,” ते म्हणाले, रागानं नव्हे, पाणी द्यायला उशीर झाला हे सांगावं तसं. “आता सांगा, नका सांगू. बाग तर गेली.” आणि उठून फाटकाशी जाऊन, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

तिनं तिथंच, उन्हात, फोन लावला. घंटा वाजत होती तेव्हा तिला दोनदा वाटलं ठेवून द्यावा. तात्यासाहेबांनी उचलला. मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. “बोला बाई. लई दिवसांनी?” “तात्यासाहेब, बन्सीमामांनी पाणी दिलं नव्हतं. त्यांनी दहा जानेवारीला द्यायला सांगितलं होतं, मी नको म्हणाले. चूक यंत्राची नव्हती, माझी होती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा ती मला ठाऊक होती. हे मी संचालकांना उद्या लेखी देणार आहे.” एका दमात बोलली ती. पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला. तात्यासाहेब शिव्या देतील, फोन ठेवतील, हसतील, सगळ्याला ती तयार होती. त्यांनी फक्त घसा खाकरला, आणि म्हातारा वाटेल अशा आवाजात विचारलं, “बन्सी कुठं असतो आता?”

चारुतानं फाटकाकडे बघितलं. एका गाडीनं बाहेरून हॉर्न दिला होता, आणि बन्सीमामा दोन्ही हातांनी फाटक ढकलत होते.

“आमच्या दारात,” ती म्हणाली. “वॉचमन आहेत.”